एकदा तोंड उघडून बघा: शाळेतल्या आरोग्य तपासणीबद्दल तीन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: शालेय आरोग्य तपासणीत किशोरवयीन मुलांचे दात आणि जबडे नीट तपासले जाण्याबाबत

महोदय,

पत्र तिघांच्या नावे आहे, कारण ज्या गोष्टीबद्दल लिहितेय ती तुमच्या तीन खात्यांच्या मधल्या फटीत पडलेली आहे. मुलं बसतात शाळेत, ते शालेय शिक्षण. त्यांना तपासायला गाडी येते ती सार्वजनिक आरोग्याची. आणि तपासणीत दाताजबड्याचं काही निघालंच, तर त्याचे तज्ज्ञ ज्या दंत महाविद्यालयांत बसतात ती वैद्यकीय शिक्षणाकडे. पोराचं तोंड एक आणि फायली तीन. एकाला पत्र लिहिलं की दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवलं जातं, एवढा अनुभव आता गाठीशी आहे.

मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका आहे. डॉक्टर नाही. पण दिवसाचे सहा तास चाळीस-पन्नास मुलांच्या तोंडांकडे बघण्याचा माझा धंदा आहे, आणि जे रोज दिसतं ते कागदावर उमटत नाही म्हणून हे लिहावं लागतंय.

यंदा तपासणी झाली आणि वर्गाची कार्डं माझ्याकडे आली. उंची, वजन, नजर, रक्त कमी असल्याची शंका, त्वचा, सगळ्याच्या नोंदी होत्या. दातांच्या रकान्यात मात्र पहिल्या कार्डापासून शेवटच्या कार्डापर्यंत एकच शब्द: ठीक. अक्षरही तेच, शाईही तीच. काही कार्डांवर तर घाईत दुसरी वेलांटीसुद्धा राहून गेली होती.

माझ्या वर्गात खिडकीकडच्या बाकावर एक मुलगा बसतो. त्याचे वरचे दात इतके पुढे आहेत की ओठ मिटत नाहीत. मुद्दाम मिटवायला गेला तर हनुवटीची कातडी आकसून सुरकुतते. त्यातला एक दात कबड्डीत कोणाचं तरी कोपर लागून तिरका तुटला, तो तसाच आहे. थंड पाणी प्यायचं तर तो तांब्या एका अंगाला लावतो. एक मुलगी आहे, तिच्या दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांत करंगळी जाईल एवढी फट राहते. तिला पेरू पुढून तोडता येत नाही. तो तिरपा करून दाढेकडे नेते, भाकरी तर हातानं बारीक मोडूनच खाते. आणि एक मुलगा तिसऱ्या तासाला हमखास पेंगतो. तोंड उघडं, नाक चोंदलेलं, डोळ्यांखाली काळं. रात्री घोरतो का, म्हणून आईला विचारलं तर ती हसून म्हणाली, "बाई, बापावर गेलाय."

तिघांच्याही कार्डावर 'ठीक' लिहिलेलं आहे.

तपासायला आलेल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. एका दिवसात आख्खी शाळा उरकायची, वर ऑनलाइन नोंदी करायच्या, आणि त्यांच्या हातातल्या कार्डात या गोष्टींना जागाच नाही. जागा का नाही, हा प्रश्न मात्र तुम्हाला आहे.

तालुक्याच्या एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक साहेब म्हणाले, "मॅडम, ते सौंदर्याचं काम. सरकार कुठं कुठं पुरणार?" बैठकीत हशा पिकला. म्हणून आधी सौंदर्याचंच मिटवून टाकते.

वाकडा दात म्हणजे आजार नव्हे. एखादा दात जरा फिरलेला आहे, दोन दातांत फट आहे, दातावर दात आलाय आणि आजी म्हणतेय पोर नशिबाचं, अशा मुलांना सरकारनं तारा लावाव्यात असं मी म्हणत नाही. मोबाइलवर हल्ली जे व्हिडिओ फिरतात, वाकड्या दातांमुळे पाठीचा कणा वाकतो, स्मरणशक्ती जाते, सगळ्या दुखण्यांचं मूळ जबड्यात आहे, त्यांना म्हणण्यासारखा पुरावा नाही. तारा लावल्या की कीड लागत नाही, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी तेराव्या वर्षी तपासलेल्या मुलांना तिशीत पुन्हा गाठलं. लहानपणी तारा लावल्या म्हणून मोठेपणी दात जास्त निरोगी राहिले किंवा माणसं जास्त सुखी झाली, असं काही त्यांना दिसलं नाही. चावणं अवघड होतं हे खरं, पण त्यातून मूल कुपोषित होतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. हे सगळं मान्य करूनही काही मुलं उरतात. त्यांच्या तोंडात दिसतं ते अंगातल्या दुसऱ्या त्रासाचं लक्षण असतं, नाहीतर पुढच्या इजेची तयारी असते. मी या मुलांबद्दल बोलतेय.

सुरुवात श्वासापासून करते, कारण शाळेत सगळ्यात जास्त चुकीचं समजलं जातं ते हेच. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या अंगाला अडेनॉइड नावाच्या गाठी असतात. त्या वाढल्या, टॉन्सिल सुजलेले राहिले किंवा ॲलर्जीनं नाक कायम बंद राहिलं की मूल तोंडानं श्वास घेतं. तोंड उघडं राहिलं की जीभ टाळूला टेकत नाही, खालीच पडून राहते. वाढत्या वयात वर्षानुवर्षं असं चाललं तर वरचा जबडा अरुंद राहतो, टाळू खोल जाते, दातांना जागा पुरत नाही, चेहरा उभट होतो. नाक बंद म्हणून जबडा अरुंद, की जबडा मुळातच अरुंद म्हणून श्वासाला अडथळा, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. दोन्हीकडून होत असावं. माझ्या दृष्टीनं कामाची गोष्ट एवढीच, की अरुंद टाळू आणि सदा उघडं तोंड ही खूण कुठल्याही यंत्राशिवाय, नुसत्या डोळ्यांनी दिसते. ती दिसली की पुढचा प्रश्न विचारायचा: पोरगं झोपेत घोरतं का, मध्येच श्वास अडकतो का?

लहान मुलांपैकी साधारण १ ते ५ टक्क्यांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास असतो. अशी मुलं रात्रभर झोपूनही झोपलेली नसतात. दिवसा पेंगतात, चिडचिड करतात, काहींची रात्री अंथरूण ओलं होण्याची सवय मोठेपणीही सुटत नाही, काहींची वाढ मंदावते, रक्तदाब वाढलेला सापडतो. शाळेत त्यांना आळशी म्हणतात, नाहीतर व्रात्य. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. गाठी काढलेल्या मुलांची झोप सुधारली, वागणं सुधारलं, घरच्यांना फरक जाणवला. लक्ष देण्याच्या परीक्षेतले गुण मात्र फारसे हलले नाहीत. म्हणजे ऑपरेशन केलं की पोरगं हुशार होईल असं मी म्हणणार नाही. पण वर्गात पेंगणाऱ्या मुलाला बाकावर उभं करण्याआधी कुणी त्याचं नाक आणि टाळू बघितली असती तर बरं झालं असतं.

दुसरं, मार लागणं. वरचे पुढचे दात खालच्या दातांपेक्षा ३ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर पडल्या-झडल्यावर ते तुटण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. ओठ मिटत नसतील तर मध्ये उशीसुद्धा नाही. आमच्याकडे मुलं खेळतात ती कबड्डी आणि खो-खो, तीही मुरमाच्या मैदानावर. एकदा एका मुलाचा दात मुळासकट निघाला. कुणीतरी तो वहीच्या कागदात गुंडाळून त्याच्या खिशात घातला आणि त्याला घरी पाठवलं. दात तिथंच मेला. कायमचा दात असा निखळला तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचलायचा, माती असेल तर हलकेच धुवायचा, जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवायचा, नाहीतर दुधात टाकून दवाखाना गाठायचा. अर्ध्या-एक तासात पोहोचला तर तो जगण्याची चांगली आशा असते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. एवढी माहिती एका पानावर मावते. साप चावल्यावर काय करावं याचं पोस्टर आमच्या कार्यालयात आहे. दाताचं नाही.

तिसरं, चिडवणं. याला आरोग्य म्हणायचं का, असं विचारणाऱ्यांनी एकदा मधल्या सुट्टीत व्हरांड्यात येऊन उभं राहावं. फावड्या, दात्या, किसणी. जॉर्डनमध्ये शाळकरी मुलांना विचारून केलेल्या एका अभ्यासात चिडवण्याचं सगळ्यात मोठं निमित्त दात निघाले, वजन आणि ताकद त्याच्या मागे. आमच्याकडे वेगळं काही असेल असं वाटत नाही. पुढच्या दातांत फट असलेल्या त्या मुलीचे 'स' आणि 'श' निसटतात. ती कविता पाठ करते, वहीत सुंदर लिहिते, पण वाचायला उठ म्हटलं की मान खाली घालते. तोंडी परीक्षेत तिला गुण कमी पडतात. हसताना हात तोंडावर जातो.

चौथी गोष्ट कुणालाच दिसत नाही. वरचा कायमचा सुळा साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. त्याआधी, दहाव्या वर्षाच्या आसपास, हिरडीवर बोट फिरवलं तर त्याचा फुगवटा हाताला लागतो. लागत नसेल तर तो आडवा पडून आतच अडकलेला असू शकतो, आणि असा सुळा शेजारच्या दाताचं मूळ कुरतडू शकतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. वेळेत सापडला तर पुष्कळदा दुधाचा सुळा काढून टाकणं एवढाच उपचार पुरतो, कायमचा आपोआप वाटेला लागतो. उशीर झाला की हिरडी उघडून, साखळी लावून, महिनोन्महिने तो खाली ओढत आणावा लागतो.

दुधाच्या दाढांचंही तेच. "पडणारच आहे," म्हणून किडलेली दाढ सहाव्या-सातव्या वर्षी उपटून टाकतात. ती दाढ खरं तर दहा ते बारा वर्षांपर्यंत जागा धरून बसायला हवी असते. ती गेली की मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताला जागा उरत नाही. जागा राखणारी साधी तार बसवली की हे टळतं. कुणी सांगत नाही.

आता वयाचा हिशेब बघा. खालचा जबडा मागे राहिलेला असेल तर वाढीच्या वयातच त्याला पुढे आणणारी काढता-घालता येणारी उपकरणं असतात. त्यातलं 'ट्विन ब्लॉक' हे स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क या डॉक्टरांनी १९७७ मध्ये आणलं आणि आज जगभर वापरतात. ती चालतात ती उंची झपाट्यानं वाढते त्या दोन-तीन वर्षांत: मुलींमध्ये साधारण १० ते १२, मुलांमध्ये १२ ते १४. अरुंद टाळू रुंद करायची तर पंधराव्या वर्षाच्या आत, कारण नंतर मधला सांधा पक्का होतो. वाढ थांबल्यावर मोठ्या दोषांना जबड्याचं ऑपरेशन एवढाच रस्ता राहतो. म्हणजे जे काही करायचं ते पाचवी ते आठवीत. नेमक्या याच वर्गांत तुमची तपासणीची गाडी दरवर्षी आमच्या दारात येते आणि निघून जाते. याहून मोठा अपव्यय मला सुचत नाही.

यावरून माझ्या तक्रारी काय आहेत ते सांगते.

ही तपासणीची गाडी ज्याची आहे तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ३० विकारांची यादी, आयुषचे दोन डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता असं पथक, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा भेट. योजना चांगली आहे. तिच्यामुळे हृदयाला छिद्र असलेली मुलं सापडली, त्यांची ऑपरेशनं झाली, आमच्याही तालुक्यात झाली. पण दुभंगलेले ओठ-टाळू सोडले तर दातांसाठी या यादीत एकच ओळ आहे, आणि तिचा अर्थ प्रत्यक्षात 'कीड आहे की नाही' एवढाच घेतला जातो. जबडा, चावा, श्वास यांचा पत्ता नाही. पथकाला त्याचं प्रशिक्षण नाही.

किशोरांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम वेगळा आहे. पोषण, प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा आणि हिंसा, व्यसनं, असंसर्गजन्य आजार असे त्याचे सहा विषय. तोंडाचं आरोग्य त्यात नाही. सातवा विषय वाढवा असं मी म्हणत नाही. तुटलेला दात इजेत बसतो, चिडवणं मानसिक आरोग्यात बसतं, आणि गुटख्याचा डाग व्यसनात. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि माझ्या वर्गात गुटख्यानं जबडा आखडून तोंड पुरतं न उघडणारी मुलं आहेत, हे जाता जाता सांगून ठेवते. तोंड उघडून बघितलं तर एका बघण्यात सगळंच दिसेल. पण किशोरांच्या सल्ल्यासाठी असलेल्या मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशकाला याबद्दल कुणी काही सांगितलेलं नसतं.

मौखिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही २०१४-१५ पासून आहे. कागदावर.

मग राहतं अंतर आणि पैसा. तारांचे तज्ज्ञ तालुक्याला नाहीत. शासकीय दंत महाविद्यालय आमच्यासाठी जवळचं म्हणजे छत्रपती संभाजीनगर, बीडपासून साधारण १३० किलोमीटर, आणि आमचं गाव बीडच्याही पलीकडे. तिथं उपचार खासगीपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत, शिकवणारे प्राध्यापक आहेत, पण तारांचा उपचार दीड-दोन वर्षं चालतो आणि जवळजवळ दर महिन्याला जावं लागतं. एसटीत आईला अर्धं तिकीट आहे हे खरं, पण तिची दिवसाची हजेरी बुडते ती कोण देणार? खासगीत साध्या धातूच्या तारांचे ३०-४० हजार सांगतात. ज्या घरात ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नाही तिथं हा आकडा उच्चारायलाही लाज वाटते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, ५ लाखांपर्यंत. मुलाच्या वाकड्या जबड्याचं त्यात काही बसतं का, म्हणून मी एका ठिकाणी चौकशी केली. उत्तर मिळालं, "अपघातात जबडा मोडला तर या." त्या माणसानं थट्टा केली नसावी. त्याच्या यादीत जे होतं ते त्यानं सांगितलं.

आणि आमच्या जिल्ह्याची स्वतःची अडचण. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. आईबाप कोल्हापूर, सांगली, कर्नाटकच्या कारखान्यांवर जातात, काही मुलं त्यांच्याबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात. गुढीपाडव्याच्या सुमारास सगळे परततात. मधल्या पाच महिन्यांत 'दर महिन्याला या' याचा अर्थ 'येऊ नका' असा होतो. अर्धवट सोडलेल्या तारा लावल्या नसत्या तर बऱ्या, अशी अवस्था असते. ब्रश नीट होत नाही, तारेभोवती पांढरे डाग पडतात, सुटलेली पट्टी गालाला टोचत राहते.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना फारसा पैसा लागत नाही.

कार्डावरचा 'ठीक' काढून टाका. त्याऐवजी चार प्रश्न छापा: ओठ सहज मिटतात का, वरचे दात खालच्यांपेक्षा किती मिलिमीटर पुढे, दाढा मिटल्यावर पुढे फट राहते का, तोंडानं श्वास किंवा घोरणं आहे का. दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी पाचवा: सुळ्याचा फुगवटा हाताला लागतो का. पहिल्या चार प्रश्नांना कंपासपेटीतली पट्टी आणि एक मिनिट पुरतं. मी करून पाहिलंय. घोरण्याचा प्रश्न पालकांना विचारायचा, तो आम्ही शिक्षक आधीच विचारून ठेवू. सुळ्यासाठी शिकलेलं बोट लागतं, म्हणून पथकांना वर्षातून एक दिवस दंत महाविद्यालयातून प्रशिक्षण द्या. जे मूल घोरतं आणि ज्याचं तोंड सदा उघडं असतं त्याला दाताच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा.

कोणाला उपचार द्यायचा याची मोजपट्टी ठरवा. ब्रिटनमध्ये १९८९ पासून पाच पायऱ्यांची अशी मोजपट्टी आहे. तिथली सरकारी आरोग्यसेवा १८ वर्षांखालच्या मुलांना चौथ्या आणि पाचव्या पायरीवर मोफत तारा देते, तिसऱ्या पायरीवर फक्त दिसायला जास्त खराब असेल तर, त्याच्या खाली देत नाही. दात ६ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर चौथी पायरी, ९ च्या वर पाचवी. अडकलेला सुळा पाचवीत. असं काही आपल्याकडे आलं तर 'सौंदर्याचं काम' म्हणून हसणाऱ्यांना उत्तर मिळेल, आणि नुसती हौस असलेल्यांना नाही म्हणायला आधारही मिळेल.

जिल्हा रुग्णालयात महिन्याचा एक ठरलेला दिवस या मुलांसाठी ठेवा आणि त्या दिवशी दंत महाविद्यालयातून तज्ज्ञ आणि पदव्युत्तर विद्यार्थी येऊ द्या. राज्यात सरकारी-खासगी मिळून तीसहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत. त्यांना रुग्ण हवेच असतात, त्यांची शिबिरं होतच असतात. फक्त शिबिरात टूथपेस्ट वाटून फोटो काढून परत जाण्याऐवजी तेच लोक दर महिन्याला त्याच जागी आले पाहिजेत.

जन आरोग्य योजनेत मोजपट्टीच्या वरच्या दोन पायऱ्यांचा उपचार १८ वर्षांपर्यंत घ्या. घेणार नसाल तर तसं लेखी जाहीर करा, म्हणजे पालक एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरणार नाहीत.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी उपचाराचं असं कार्ड द्या जे बीडला काढलं तरी कोल्हापूरला चालेल. हंगामी वसतिगृहातल्या मुलांना ठरलेल्या दिवशी जिल्ह्याला नेण्याची जबाबदारी कुणाची, ते आदेशात लिहा. ज्यांना दर महिन्याला येणं शक्यच नाही त्यांना तारा लावूच नका. त्यांना काढता-घालता येणारं उपकरण चालेल का हे आधी बघा.

निखळलेल्या दाताचं पोस्टर छापून प्रत्येक शाळेत लावा. हे तर पुढच्या महिन्यातही होईल.

तीन खात्यांनी मिळून एक अधिकारी नेमावा, ज्याच्या नावानं आम्हाला पत्र लिहिता येईल. तोवर हे पत्र उघड्यावरच राहील, आणि उत्तरही उघडच द्यावं ही विनंती, कारण आमच्यासारख्या शाळा बऱ्याच आहेत.

तुमच्या सोयीचा एक मुद्दा शेवटी. पुढच्या फेरीचं वेळापत्रक लावताना आमच्या भागातल्या शाळा दसऱ्याच्या आत घ्या. त्यानंतर गाडी आली तर तपासायला निम्मा वर्ग असणार नाही.

आपली,
एक वर्गशिक्षिका, इयत्ता नववी
बीड जिल्हा